मण्यांची पट्टी आणि जेंटामायसिनची सुई

दोन ओळींत ओवलेले मणी आणि सोबत एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेनं बनवलेलं हे श्वासमापक कुणी पहिल्यांदा पाहिलं तर त्याला ते बालवाडीतलं खेळणं वाटावं. वापरायची रीतही तितकीच सोपी. बाळाचं झबलं वर करायचं, वाळू उलटी करायची आणि पोट वर येईल तसतसे श्वास मोजायचे. दहा झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे असं धरून औषध सुरू करायचं. एक ओळ दोन महिन्यांखालच्या तान्ह्यासाठी, तिथं मर्यादा मिनिटाला ६० श्वासांची. दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी, तिथं ५०ची.

हे यंत्र कुणासाठी, हे कळलं की त्यातली हुशारी कळते. ते होतं खेड्यातल्या दाईसाठी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, साठपर्यंत न अडखळता मोजता न येणाऱ्या बाईसाठी. रोग ओळखायला एक्स-रे लागतो, स्टेथोस्कोप लागतो आणि तो गळ्यात अडकवलेला माणूस लागतो, ही समजूत ‘सर्च’चे संस्थापक डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी या पट्टीच्या जोरावर बाजूला सारली.

अभय बंग वाढले सेवाग्रामच्या वातावरणात, ठाकुरदास बंग यांच्यासारख्या गांधीवादी अर्थतज्ज्ञाच्या घरात. राणी चंद्रपूरच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघांचं वैद्यकीय शिक्षण नागपूरचं, नंतर सार्वजनिक आरोग्यातली पदवी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची. परत आल्यावर १९८६च्या सुमारास दोघं गडचिरोलीत गेले. जिल्हा तेव्हा चारच वर्षांचा होता. १९८२मध्ये चंद्रपुरातून वेगळा काढलेला. पुढे शहरापासून सतराएक किलोमीटरवर ‘शोधग्राम’ उभं राहिलं. तिथल्या दवाखान्याला गोंड लोकांच्या देवीचं, दंतेश्वरीचं नाव आहे आणि त्याची ठेवणही आदिवासी गावासारखी आहे. दवाखाना लोकांना आपला वाटावा, एवढाच त्यामागचा हेतू.

संस्थेच्या कामात सेवा आणि संशोधन दोन्ही आहेत. पण बंग दांपत्याचं वेगळेपण संशोधनात आहे, असं माझं मत. सेवाभावी डॉक्टर महाराष्ट्राला नवे नाहीत. खेड्यात बसून, खेड्यातल्या माणसांकडून आकडे गोळा करून जगातल्या वैद्यकशास्त्राला आपलं म्हणणं मान्य करायला लावणारे मात्र विरळा. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला, तोवर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच धोरणकर्त्यांची समज होती.

पुढच्याच वर्षी, १९९०मध्ये, न्यूमोनियाचा अभ्यास त्याच नियतकालिकात आला. गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना रोग ओळखायला आणि कोट्रायमॉक्साझोल द्यायला शिकवलं होतं. ज्या गावांत हा कार्यक्रम राबवला, तिथं पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाचे मृत्यू वर्षभरात हजारी ८.१ निघाले, शेजारच्या, कार्यक्रम नसलेल्या गावांत १७.५. औषध मिळालेल्या आजारी मुलांपैकी शंभरात एकाहूनही कमी दगावलं, म्हणजे प्रमाण ०.८ टक्के. औषध न मिळालेल्या भागात ते साडेतेरा टक्के होतं. औषध तर स्वस्त, जुनं, सगळ्यांच्या माहितीतलं. ते वेळेवर कुणी द्यायचं, हाच प्रश्न होता.

न्यूमोनिया आटोक्यात आल्यावर उरलेले मृत्यू कुठे होतात, ते उघडं पडलं. १९९३ ते १९९५ या पायाभूत काळात या भागात हजार जिवंत जन्मांमागे ७५च्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात होती आणि त्यातली साठेक पहिल्या महिन्यातच. दहातली आठ! पहिला महिना म्हणजे बाळंतिणीच्या खोलीतला महिना. तिथं बाहेरच्या माणसाला शिरकाव नाही, डॉक्टरला तर नाहीच. बाळंतपणं बहुतेक घरीच. दवाखाना दूर, पावसाळ्यात नाले भरलेले, आणि सटवीनं जे लिहायचं ते लिहून ठेवलंय अशी मनाची तयारी. सव्वा महिन्याआधी गेलेल्या बाळाची नोंद सरकारदप्तरी पोचायचीच असं नाही. नोंदच नसेल तर सरकारच्या लेखी तो प्रश्नही नसतो.

वैद्यकशास्त्राचं तेव्हाचं ठाम मत असं, की आजारी नवजात बाळाचं स्थान रुग्णालयात. जंतुसंसर्ग झालेल्या चार दिवसांच्या बाळाला घरी ठेवून उपचार करणं म्हणजे बेजबाबदारपणा. पुस्तकाप्रमाणे हे बरोबरच होतं. मग ‘सर्च’नं पुस्तक बाजूला ठेवून मोजायला घेतलं. ३९ गावं प्रयोगासाठी, ४७ गावं तुलनेसाठी. प्रयोगाच्या गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेली एकेक बाई निवडली. पुढे या बायकांना ‘आरोग्यदूत’ हे नाव मिळालं. एप्रिल १९९५पासूनचं पहिलं वर्ष मुख्यतः पाहण्याचं आणि लिहून ठेवण्याचं. गरोदर बायांची यादी करायची, बाळंतपणाला हजर राहायचं, पुढचे २८ दिवस ठरल्या दिवशी घरी जाऊन बाळाचं वजन, तापमान, श्वास, रडणं, दूध ओढणं सगळं टिपायचं.

त्या वर्षी ७६३ बाळं अशी पाहिली गेली. त्यातली ४२ टक्के कमी वजनाची. १७ टक्क्यांना जंतुसंसर्ग. निम्म्याहून जास्त बाळांना, नेमकं सांगायचं तर ५४.४ टक्क्यांना, वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरची नजर पडली २.६ टक्क्यांवर. रुग्णालयात दाखल झाली ०.४ टक्के. ७६३ पैकी चाळीस बाळं गेली आणि त्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा जंतुसंसर्गाचा होता. “आजारी बाळाला रुग्णालयात न्या” या सल्ल्याची किंमत या आकड्यांत दिसते. सल्ला योग्य होता, पण हजारातली चार बाळंच तिथवर पोचत होती. हा अभ्यास २००१मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये आला. गडचिरोलीचं सगळं काम एका बैठकीत समजून घ्यायचं असेल, तर गाजलेल्या ‘लॅन्सेट’च्या लेखाआधी मी हाच वाचायला सांगेन.

आता आरोग्यदूताच्या पिशवीत डोकावू. थर्मामीटर, बाळाला झोळीत टांगून तोलायचा स्प्रिंगचा काटा, घड्याळ, उबेसाठी शिवलेली झोपायची पिशवी, जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा मास्क आणि फुगा, जीवनसत्त्व ‘के’, कोट्रायमॉक्साझोलचं औषध. आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन. वाद झाला तो या शेवटच्या वस्तूवरून. सातवी शिकलेली बाई तान्ह्या पोराला सुई टोचणार?

टोचायची, पण केव्हा, हे ठरवणं खरं कठीण. इथं ना रक्ततपासणी, ना प्रयोगशाळा. ‘सर्च’नं त्यासाठी काही खुणा पक्क्या केल्या. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं किंवा थांबलं. आधी नीट पिणाऱ्या बाळानं दूध ओढणं कमी केलं किंवा सोडलं. बाळ मलूल पडलं, शुद्धीवर नाही. अंग तापलं किंवा गार पडलं. कातडीवर किंवा नाळेवर पू दिसला. जुलाब, सारखी उलटी किंवा फुगलेलं पोट. कण्हणं किंवा छाती आत ओढली जाणं. यातल्या कोणत्याही दोन खुणा एकाच वेळी दिसल्या, तर उपचार. पहिल्या दोन खुणांतला ‘आधी’ महत्त्वाचा. काल बाळ कसं रडत होतं, हे आईला ठाऊक असतं आणि रोज-दोन दिवसांनी येणाऱ्या गावातल्या बाईला ठाऊक असतं. शहरातल्या बालरोगतज्ज्ञापुढे ते बाळ पहिल्यांदाच येतं. त्याच्याकडे हा ‘आधी’ नसतो.

रोग ओळखला तरी निर्णय आईबापांचा. रुग्णालयात नेता का, ते विचारायचं. नाही म्हणाले तर घरी उपचाराला त्यांची संमती घ्यायची आणि मग सुई. पर्यवेक्षक दर पंधरवड्याला येऊन नोंदी तपासून जायचा. हा पर्यवेक्षक लक्षात ठेवा, पुढे त्याची आठवण निघेल.

डिसेंबर १९९९च्या ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी २५.५वर उतरलं होतं. तुलनेच्या गावांत ते ५९.६ होतं, म्हणजे जिथल्या तिथं. पायाभूत काळातला फरक हिशेबात धरून घट ६२ टक्के. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावायची, आता २.८. आणि दर बाळामागे खर्च साडेपाच डॉलरच्याही आत.

शंका घेणारे होते आणि त्यांच्या शंका फुकाच्या नव्हत्या. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. दुसरी शंका त्याहून जड: हे बंगांना जमलं, इतरांना जमेल का? एका ध्येयवेड्या जोडप्याच्या नजरेखाली, पारखून निवडलेल्या बायकांनी केलेलं काम सरकारी यंत्रणेत टिकेल? आपल्याकडे असले ‘आदर्श प्रकल्प’ पायलीला पन्नास असतात आणि संस्थापकाबरोबर संपतात. या शंकेचं उत्तर दुसऱ्यांनीच द्यायला हवं होतं. ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी खेडी, आदिवासी पाडे आणि शहरातल्या झोपडपट्ट्यांत हीच पद्धत राबवली. नवजात मृत्यू निम्म्यावर आले. बांगलादेशात सिल्हेटला चिठ्ठ्या टाकून, काटेकोर रचनेचा अभ्यास झाला. २००८मध्ये तोही ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिथं घट ३४ टक्के. गडचिरोलीइतकी नाही, पण घट निश्चित. नवजात बाळाच्या घरी जाऊन भेटी द्याव्यात, अशी शिफारस २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं मिळून केली.

मध्यंतरी महाराष्ट्रात वेगळंच रामायण झालं. ‘कोवळी पानगळ’ नावाचा अहवाल बंग आणि इतर संस्थांनी काढला. राज्यातले बालमृत्यू सरकारी नोंदींत दिसतात त्याहून कितीतरी जास्त आहेत, हे त्यानं दाखवलं. वर्तमानपत्रं पेटली, विधिमंडळात आवाज झाला आणि सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. अध्यक्ष डॉ. अभय बंग. ज्यानं दुखणं दाखवलं त्यालाच तपासायला बसवायचं, हे आपल्या राज्यात क्वचित घडतं, म्हणून नोंदवतो.

२०११मध्ये केंद्र सरकारनं घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर लागू केला. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. काम ‘आशा’ताईंकडे. त्यांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत गडचिरोलीचा ठसा सहज ओळखता येतो. दवाखान्यातली बाळंतपणं वाढल्यावर या भेटी कशाला, असं कुणी विचारतं. बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येते आणि जंतुसंसर्ग पुढेही गाठतो, हे त्याचं उत्तर.

पण गडचिरोलीतून दिल्लीला जाताना दोन गोष्टी वाटेत गळाल्या. पहिली, सुई. आशाताईनं बाळ तोलायचं, ताप पाहायचा, धोका ओळखायचा आणि वर पाठवायचं. इंजेक्शन द्यायची मुभा तिला नाही. २०१४मध्ये ती उपकेंद्रातल्या परिचारिकेपर्यंत, एएनएमपर्यंत आली आणि तिथंच थांबली. जवळ चालू दवाखाना आहे, रस्ता आहे, गाडी मिळते, अशा गावात हे ठीक. जिथं यातलं काहीच नाही, तिथं आपण पुन्हा १९९५च्या त्याच सल्ल्यापाशी येतो. दुसरी गळालेली गोष्ट म्हणजे तो पंधरवड्यानं येणारा पर्यवेक्षक. कागदावर आशांवर देखरेख करणारे गटप्रवर्तक आहेत. पण लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत सतरा कामं आशांच्या मागे लावल्यावर बाळाच्या पोटावरचे श्वास मिनिटभर मोजले की अंदाजानं लिहिले, हे कोण बघणार?

२०२०च्या नमुना नोंदणी पाहणीत देशाचा नवजात मृत्युदर हजारी २० होता, महाराष्ट्राचा ११. १९९५च्या गडचिरोलीतला साठाचा आकडा शेजारी ठेवला तर पल्ला मोठा वाटतो आणि तो आहेच. त्याचं सगळं श्रेय घरभेटींना देता येणार नाही. रस्ते झाले, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांचे कक्ष उघडले. उरलेले मृत्यू मात्र दुर्गम पाड्यांवर आणि शहरांच्या दाट वस्त्यांत अडकून बसलेत आणि तिथं आजही दारात पोचते ती आशाताईच. बेचाळीस दिवसांच्या या सगळ्या भेटींचा २०११मध्ये ठरलेला मोबदला २५० रुपये. सहा भेटींचे धरले तर भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. हा दर ठरवणाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मधला लेख वाचला असेल, पण आरोग्यदूताच्या पिशवीत डोकावून पाहिलेलं दिसत नाही.