टीव्ही की प्रोजेक्टर? आधी खोलीचा उजेड पाहा, मग भाव विचारा

कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. थान दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कितीही छान दिसो, जाणता व्यापारी ते उचलून बाहेर उजेडात नेतो आणि मगच भाव बोलतो. तीस वर्षे मी हेच करीत आलो. पण दोन वर्षांपूर्वी घरासाठी प्रोजेक्टर घेताना हाच रिवाज विसरलो आणि फसलो. ती चूक आपण करू नये, म्हणून हा लेख.

जाहिरातीत ९,५०० ल्यूमेन लिहिले होते, दीडशे इंचांचे चित्र आणि किंमत ८,००० रुपये. पहिल्या रात्री दिवे मालवून भिंतीवर चित्र लावले तेव्हा मुले खूश झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी अम्मींनी बातम्या लावायला सांगितल्या. भिंतीवर धुरकट सावल्यांशिवाय काही दिसेना. खिडक्या बंद कराव्यात, तर मे महिन्याचा उकाडा. आठ दिवसांत प्रोजेक्टर कपाटात गेला, आणि अम्मी बातम्या पाहायला शेजाऱ्यांकडे जाऊ लागल्या. शेवटी टीव्ही घ्यावा लागलाच. म्हणजे खर्च दोनदा झाला आणि घरच्या वडीलधाऱ्या माणसाची गैरसोय झाली ती वेगळीच.

प्रोजेक्टर वाईट वस्तू आहे असे माझे म्हणणे नाही. माझ्या खोलीला तो योग्य नव्हता, एवढेच.

काळा रंग कुठून येतो?

सगळा फरक या एका प्रश्नात आहे. रंगारी पांढऱ्या कापडाला काळे करू शकतो. प्रकाश मात्र पांढऱ्या भिंतीला काळे करू शकत नाही. प्रोजेक्टर फक्त उजेड टाकतो. चित्रात जिथे काळे केस किंवा काळी रात्र असते, तिथे तो उजेड टाकायचे थांबतो. त्या जागी भिंत खोलीतल्या उजेडात जशी दिसते तशीच दिसते. खोलीत अंधार असेल तर ती काळी दिसेल, दिवा चालू असेल तर राखाडी, आणि दुपारी खिडकी उघडी असेल तर पांढरी.

टीव्हीचे उलट आहे. त्याचा पडदा मुळातच काळा असतो आणि प्रकाश आतून येतो. बाहेरचा उजेड त्यावर पडला तरी त्यातला थोडाच परत फिरतो. म्हणून दिवसा, दार-खिडकी उघडी ठेवून पाहायचे असेल, तर टीव्हीला तोड नाही.

हिशेब करून पाहू

ल्यूमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो जितक्या मोठ्या पडद्यावर पसरेल, तितका पातळ होतो. तेवढ्याच रंगात जास्त कापड बुडवले की रंग फिका येतो, तसाच हा प्रकार आहे.

५५ इंचांचा पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असतो. १०० इंचांचा पडदा सुमारे २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२४ सेंटिमीटर उंच. इंच दुप्पटही झाले नाहीत, पण क्षेत्रफळ सव्वातीन पट झाले. कारण इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात.

१०० इंचांच्या पडद्याचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. त्यावर खरे ३०० ल्यूमेन टाकले, तर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ११० ल्यूमेन मिळतात. यालाच ११० लक्स म्हणतात. आता समजा, खोलीतल्या ट्यूबलाइटचा भिंतीवर १२० लक्स उजेड पडतो. मग चित्रातला पांढरा भाग ११० अधिक १२०, म्हणजे २३० झाला आणि काळा भाग १२० राहिला. पांढऱ्या-काळ्यात दुपटीचाही फरक उरला नाही. असे चित्र धुतलेल्या कापडासारखे उडालेले दिसणारच.

त्याच जागी खरे ३,००० ल्यूमेन असतील, तर पांढरा भाग १,२०० च्या वर जातो आणि काळा १२० वर राहतो. हा फरक दहापट झाला. बातम्या आणि क्रिकेटला हे चालते. सिनेमातले रात्रीचे प्रसंग पाहायचे, तर तरीही दिवा मालवावाच लागतो.

'खरे' ल्यूमेन म्हणजे काय?

या मालात सर्वांत जास्त फसगत इथेच होते. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर नुसते 'ल्यूमेन' असा पाच-दहा हजारांचा आकडा छापलेला असतो. त्याला काही आधार नसतो. विचारायचे ते 'आन्सी ल्यूमेन' किंवा 'आयएसओ ल्यूमेन'. हे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले असतात. खोक्यावर हजारोंचा आकडा असलेल्या स्वस्त प्रोजेक्टरचे आन्सी ल्यूमेन कित्येकदा दोन-तीनशेच भरतात. विक्रेता आन्सीचा आकडा सांगायला तयार नसेल, तर तो माल न घेतलेला बरा.

दुसरी फसवी भाषा '४के सपोर्ट' ही. याचा अर्थ प्रोजेक्टर ४के चित्र आत घेऊ शकतो, एवढाच. बाहेर किती बारीक दाखवतो ते 'नेटिव्ह रिझोल्यूशन' सांगते. १२८० बाय ७२० म्हणजे एचडी, १९२० बाय १०८० म्हणजे फुल एचडी आणि ३८४० बाय २१६० म्हणजे ४के. सुताच्या काउंटाबाबत आपण लेबलावर विश्वास ठेवत नाही, सूत हातात घेऊन पाहतो. इथेही नेटिव्ह आकडाच धरावा.

खोली मोजा

बसण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंतचे अंतर इंचांत मोजा आणि त्याला दोनने भागा. घरात सोयीचा पडदा साधारण तेवढ्या इंचांचा. सिनेमाची हौस असेल तर दीडने भागा. आपल्याकडे १० बाय १२ फुटांची खोली पुष्कळांची असते. तिथे बसण्याचे अंतर ९ फूट, म्हणजे १०८ इंच धरू. दोनने भागले तर ५४ आणि दीडने भागले तर ७२. म्हणजे ५५ इंचांचा टीव्ही या खोलीला बरोबर बसतो. १०० इंच चित्र पाहायला साडेबारा फूट अंतर हवे. जवळ बसून मोठे चित्र पाहिले की मान फिरवावी लागते आणि चित्राचे ठिपके दिसतात.

प्रोजेक्टरला आणखी एक अंतर लागते. साध्या प्रोजेक्टरला चित्राच्या रुंदीच्या सव्वा ते दीडपट अंतरावर ठेवावे लागते. १०० इंच चित्रासाठी हे अंतर नऊ ते अकरा फूट होते. मधून कोणी उठून गेले की भिंतीवर त्याची सावली. लहान मुलांच्या घरात तो छताला टांगणेच बरे. भिंतीला चिकटून ठेवायचे 'अल्ट्रा शॉर्ट थ्रो' प्रोजेक्टर मिळतात, पण चांगल्यांची किंमत लाखाच्या घरात किंवा वर जाते. प्रोजेक्टर कोणताही असो, चालू असताना मुलांनी भिंगात डोकावू नये.

पडद्याचे कापड

घरातली पांढरी चादर लावून काम भागवू, असे अनेकांना वाटते. मलमल किंवा वॉइलसारखे विरळ कापड लावले, तर निम्मा उजेड आरपार निघून जातो. सॅटिनसारखे चकचकीत कापड मध्ये चमकते आणि कडेला अंधारते. कापड घट्ट विणीचे, जड, बिनचमकीचे आणि ताणून बसवलेले हवे. पाठीमागे उजेड अडवणारा थर असेल तर फारच चांगले. चुण्या पडल्या की चित्रातला चेहरा वाकडा होतो. गुळगुळीत, पांढरी, बिनचमकीची भिंत वाईट चादरीपेक्षा केव्हाही बरी.

रुई, धूळ आणि वीज

ही गोष्ट मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडच्या बांधवांनी विशेष ध्यानात ठेवावी. यंत्रमागाच्या वस्तीत हवेत कापसाचे तंतू उडत असतात. प्रोजेक्टर थंड राहण्यासाठी पंख्याने हवा आत ओढतो. तिच्याबरोबर तंतूही आत जातात, जाळी बुजते आणि यंत्र तापते. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये प्रकाशाचा मार्ग बंदिस्त नसतो. तिथे धूळ बसली की चित्रावर कायमचे डाग दिसतात. घराला लागून माग चालत असतील, तर आतला मार्ग पूर्ण बंद असलेलाच प्रोजेक्टर घ्यावा, नाहीतर टीव्हीच घ्यावा.

जुन्या पद्धतीच्या दिव्याच्या प्रोजेक्टरला वीज अचानक जाणेही सोसत नाही. बंद केल्यावर थोडा वेळ पंखा चालून दिवा निवायला हवा. भारनियमन असलेल्या गावात त्याला यूपीएस लावणे भाग आहे.

चालवण्याचा खर्च

४३ इंचांचा एलईडी टीव्ही साधारण ८० वॉट घेतो, असे धरू. रोज ६ तास चालला तर महिन्याला सुमारे १४ युनिट होतात. दिव्याचा प्रोजेक्टर २८० वॉटचा धरला, तर तेवढ्याच वेळात ५० युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याला साडेतीनशे रुपयांचा फरक पडला. एलईडी आणि लेसर प्रोजेक्टर बहुधा यापेक्षा कमी वीज घेतात.

दिव्याचे आयुष्य साधारण ३,००० ते ५,००० तास असते. रोज ६ तास म्हणजे वर्षाला २,१९० तास. याचा अर्थ दीड ते सव्वादोन वर्षांत नवा दिवा. एलईडी आणि लेसरचे आयुष्य कंपन्या २०,००० तास किंवा अधिक सांगतात. पण पंखा आणि आतली पट्टी त्याआधीही जाऊ शकते.

टीव्हीलाही धोका आहे. मुलांचा चेंडू लागून पडदा फुटला, तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो. भिंत मात्र फुटत नाही.

कोणाला काय योग्य?

दिवसभर बातम्या, मालिका, मुलांची कार्टून चालणारे घर, उजेडाची किंवा लहान खोली, आणि घरात वृद्ध माणसे असतील, तर टीव्ही घ्यावा. फक्त रात्री किंवा सुटीच्या दिवशी सिनेमा-सामना पाहणारे मोठे कुटुंब, १४-१५ फुटांची खोली आणि अंधार करायची सोय असेल, तर प्रोजेक्टर जो आनंद देतो तो टीव्ही देणार नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही तो सोयीचा, पिशवीत घालून नेता येतो. ७५ इंचांचा टीव्ही साडेपाच फूट रुंद असतो. तो अरुंद जिन्यातून वर जाईल का, हे घेण्याआधी पाहावे.

ज्यांचे एकूण बजेट २५-३० हजार आहे, त्यांनी दोन्हींत अडकू नये. या किमतीत ४३ इंचांचा चांगला टीव्ही मिळतो, पण दिवसा चालणारा प्रोजेक्टर मिळत नाही.

खरेदीच्या वेळी

१) प्रोजेक्टर पाहताना दुकानातले दिवे लावायला सांगा. अंधारात सगळेच चांगले दिसतात.

२) पेनड्राइव्हमध्ये आपल्या ओळखीचा, रात्रीचे प्रसंग असलेला सिनेमा न्या. दुकानदाराचे भडक रंगांचे नमुने पाहून ठरवू नका.

३) टीव्ही समोरून आणि बाजूनेही पाहा. घरात सगळे मध्यभागी बसत नाहीत.

४) प्रोजेक्टरचा पंखा आणि आवाज बंद खोलीत ऐका. बहुतेकांना वेगळा स्पीकर लागतो, तो खर्च आधीच धरा.

५) दुरुस्ती केंद्र आपल्या गावात आहे का, ते विचारा. वॉरंटी मुंबईत आणि माल मालेगावात, हे उपयोगाचे नाही.

६) पक्के बिल घ्या आणि त्यावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, प्रोजेक्टरवरचाही तसाच उतरला. घरच्या टीव्हीचे बिल दुकानाच्या नावाने करून त्याचे इनपुट क्रेडिट घेऊ नका. स्वतःच्या वापराच्या मालावर कायदा ते देत नाही.

७) 'नो कॉस्ट' हप्त्यात रोखीची सूट बहुधा जाते आणि वर प्रक्रिया शुल्क लागते. शून्य टक्के व्याज असे काही नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. व्याजापासून दूर राहणाऱ्यांनी कागद पूर्ण वाचून मगच सही करावी. रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी लिहिली की सगळे उघड होते.

शेवटी एकच सांगणे. खरेदीला निघण्याआधी एका दुपारी, जिथे चित्र लावायचे त्या भिंतीसमोर उभे राहा. हातात पुस्तक घ्या. दिवा न लावता ते आरामात वाचता येत असेल, तर ती खोली टीव्हीची आहे. एवढी तपासणी मी केली असती, तर माझे आठ हजार वाचले असते आणि अम्मींना शेजाऱ्यांकडे जावे लागले नसते.