म्हाताऱ्या जिवांचा हक्क

शरद म्हणजे पानगळ, ही समजूत आपल्याकडे परदेशी चित्रांतून आली असावी. आमच्या गोंदिया जिल्ह्यात शरदात झाडे पाने टाकत नाहीत. साग आणि तेंदू उघडे पडतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. इथला शरद भरण्याचा असतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस माघारी फिरला की बोड्यांचे गढूळ पाणी निवळते, बांध्यांतले पाणी आटते, आणि हलका धान कापणीला येतो. भारी धानाला अजून काही आठवडे लागतात. नवेगावबांधच्या तलावावर उत्तरेकडची बदके उतरू लागतात. दुपारी ऊन चटका देते आणि पहाटे गोधडी ओढावी लागते.

ही उलटसुलट हवा आमच्या घरात सर्वांत आधी कळते ती दादीच्या गुडघ्यांना. त्यानंतर मण्याला. मण्या म्हणजे आमचा बैल. पहाटे उठताना त्याचे मागचे पाय थरथरतात, आणि एकदा उठला की तो बराच वेळ तसाच उभा राहतो. पुन्हा बसायला नको, कारण पुन्हा उठायचे आहे. दादीचेही अगदी तसेच. फजरच्या नमाजसाठी ती उठते आणि मग दिवस वर येईपर्यंत खाटेवर टेकायला तयार नसते. तिसरी आमची मांजर, बिल्लो. ती तेरा वर्षांची झाली. पूर्वी ती धानाच्या पोत्यांच्या थप्पीवर एका उडीत जायची. आता खाली उभी राहून वर बघते, थोडा विचार करते आणि दादीच्या पायाशी येऊन बसते. वयाबरोबर मांजराचे सांधे आखडतात, दात पडतात, आणि पुष्कळदा मूत्रपिंडे थकतात म्हणून ते पाणी जास्त पिते. आम्ही तिच्यासाठी पाण्याची दोन भांडी ठेवतो, एक आत आणि एक सांदवाडीत.

धान कापणीला आला की शेतकऱ्याच्या घरात हिशोब सुरू होतो. कापणीची मजुरी किती, मशीन लावायची का, उधारी किती फेडायची, मुलांची फी किती. या हिशोबात घरातले म्हातारे जीव हमखास सापडतात. गेल्या आठवड्यात आमच्याकडेही ही बैठक बसली. दोन प्रश्न होते. हिवाळ्यात दादीला नागपूरला धाकट्या चाचांकडे पाठवायचे का? आणि मण्याचे काय करायचे?

मण्या एकटा उरला आहे. दादांनी घेतलेली ही शेवटची जोडी. बैलाचे वय दातांवरून पाहतात, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला. ही जोडी घरी आली तेव्हा चार दाती होती, असे दादी सांगते. पोळ्याला आमच्या घरचे बैलही गावाच्या तोरणाखाली उभे राहत. शिंगांना रंग दादा स्वतः लावायचे आणि झूल दादी शिवायची. दादांच्या इंतकालानंतर तीन वर्षांनी सर्जा गेला. जोडी मोडली की उरलेल्या बैलाला औताला किंमत राहत नाही, आणि तोवर आमच्याकडे चिखलणीला ट्रॅक्टर आला होता.

सारस पक्ष्यांबद्दल आमच्या भागात म्हणतात की जोडीदार गेला की दुसरा अन्नपाणी सोडतो. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ गोंदिया आणि आसपासच्या धानपट्ट्यातच उरले आहेत. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीतच घरटे करतात, आणि शरदात त्यांची पिल्ले आईबापांच्या मधोमध चालताना दिसतात. पक्ष्यांचे अभ्यासक मात्र सांगतात की एकटा राहिलेला सारस पुन्हा जोडी जमवतानाही दिसला आहे. आम्ही हे दादीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "जगावं तर लागतंच ना बेटा." दादांना जाऊन आता नऊ वर्षे झाली.

बैठकीत कुणी वाईट बोलले नाही. प्रश्न खरे होते. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही, आणि बिनकामाच्या बैलाला वर्षभर पोसणे लहान शेतकऱ्याला जड जाते. कायद्याने बैलाचा जीव वाचवला, पण त्याच्या चाऱ्याची तजवीज मालकावरच सोडली. मग होते काय, रात्री कुणीतरी दोर सोडतो आणि सकाळी जनावर रस्त्यावर असते. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, पण रात्री सोडलेल्या बैलाचा मालक कोण शोधणार?

माणसांसाठीही कायदा आहे. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या कायद्यात 'मुले' या शब्दात सज्ञान नातू आणि नातही येतात. म्हणजे दादी-नानीची जबाबदारी फक्त अब्बा आणि चाचांची नाही, आमचीही आहे. हे अनेक घरांत ठाऊक नसते. आमच्याकडेही अब्बांनी वाचून दाखवले तेव्हा चुलतभाऊ जरा सावरून बसले.

अब्बांनी त्या रात्री आणखी दोन गोष्टी काढल्या. सूरह बनी इस्राईलमध्ये आई-वडिलांपुढे 'उफ्' सुद्धा काढू नये अशी ताकीद आहे, ती सगळ्यांना पाठ असते. पण तिथे म्हातारपण 'तुझ्याजवळ' येण्याचा उल्लेख आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. बुजुर्गांनी आपल्याजवळ म्हातारे व्हावे, हे त्यात गृहीतच धरले आहे. दुसरी गोष्ट जनावरांची. एका अन्सारी सहाबींच्या बागेतला उंट प्रेषितांना (स.) पाहून कण्हू लागला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यांनी त्याच्या कानामागे हात फिरवला आणि मालकाला बोलावून सुनावले की हा तक्रार करतो आहे, तू याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस. ही हदीस अनेकांनी ऐकलेली असते. याच धाग्यावर तेराव्या शतकातले मोठे फकीह इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी जनावरांचे हक्क मांडून ठेवले आहेत. त्यांतला पहिला हक्क असा की मालकाने जनावराचा दाणा-पाणी चालू ठेवावा, मग ते म्हातारे वा आजारी होऊन त्याच्यापासून काडीचा फायदा नसला तरी. 1262 मध्ये वारलेल्या एका आलिमने आमच्या गोठ्यातला प्रश्न नेमका ओळखला होता.

आम्हाला यातला 'हक्क' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. एरवी आपण म्हणतो, मण्याने इतकी वर्षे नांगर ओढला, दादीने इतकी वर्षे रोवणी केली, म्हणून त्यांना सांभाळायचे. हे चांगलेच आहे. पण मग जिने कधी काही ओढले नाही त्या बिल्लोचे काय? आणि उद्या दादी आम्हालाही ओळखेनाशी झाली, तर जुन्या कष्टांचा हिशोब किती वर्षे पुरणार?

दादीने स्वतःचा निकाल स्वतःच दिला. धान घरी आल्याशिवाय ती हलणार नाही. नंतर नागपूरला जाईल, मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेईल आणि रमजानआधी परत येईल. चाचांना हे पटले. तिचा खरा घोर मण्याच्या चाऱ्याचा होता, आणि तो बरोबर होता. कापणीच्या मोठ्या मशीनने धान काढला की तणस तुटून, चिरडून बांधीभर पसरते. ते गोळा करणे परवडत नाही आणि बरेचसे जाळले जाते. विळ्याने कापून, पेंढ्या बांधून, पुंजणे रचून मळलेल्या धानाचे लांब तणसच वर्षभर टिकते. मण्याचे दात झिजले आहेत, म्हणून तेही बारीक तोडून, रात्रभर भिजवून, कोंडा घालून द्यावे लागते. दादी हे रोज संध्याकाळी करते. तिची स्वतःची पेज चुलीवर असते तेव्हाच हे काम चालते, आणि आधी घमेले भरते, मग तिची वाटी. ती नागपूरला असेल तेव्हा हे काम आमच्या धाकट्या बहिणीने मागून घेतले आहे. किती भिजवायचे, कोंडा किती घालायचा, हे ती सध्या दादीजवळ बसून शिकते आहे.

मशीन यंदा लावायचेच ठरले, कारण मजूर मिळत नाहीत. फक्त बोडीलगतची एक बांधी विळ्याने कापायची आहे. दोन माणसांची तीन दिवसांची मजुरी वाढेल. अब्बांनी तो आकडा वहीत उधारीच्या वर लिहून ठेवला आहे.