300 ग्रॅमच्या कॅलिपरची झीज

हैदराबादच्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळेत निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसचे एक अस्थितज्ज्ञ आले, तिथल्या पदार्थाचा हलकाफूल तुकडा त्यांनी हातात तोलून पाहिला आणि डॉ. अब्दुल कलाम यांना थेट आपल्या रुग्णालयातच नेले. तिथे लहान मुले पायांना आधार देणारे तीन-तीन किलोंचे धातूचे कॅलिपर ओढत चालत होती. तीन आठवड्यांत 300 ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले. हा प्रसंग कलाम पुढे भाषणांतून आवर्जून सांगत.

‘अग्नी’ क्षेपणास्त्राचे कवच मुलांच्या पायात, अशी ही गोष्ट मग रंगली. ती थोडी सैल आहे. 22 मे 1989 रोजी झेपावलेल्या ‘अग्नी’च्या नाकाला लागते ते कार्बन-कार्बन नावाचे संमिश्र; त्यातली राळ भट्टीत जळून कार्बनच उरतो. कॅलिपरला मात्र काचतंतू घातलेले पॉलिप्रोपिलिन पुरते.

वजनाचे कौतुक झाले, झिजेचे कोण विचारतो?

नुसते पॉलिप्रोपिलिन मऊ, घासले की त्याचा भुगा सुटतो. केसाहून कितीतरी बारीक असे काचतंतू त्यात घातले की भार ते पेलतात. पण पॉलिप्रोपिलिन काचेला मुळात धरून राहत नाही. म्हणून दोघांना जोडणारे रसायन घालावे लागते, नाहीतर घासताना तंतू उपटून येतात. शिवाय साच्यात वितळलेला माल जिकडे वाहतो, तिकडे तंतू लोळतात. त्यामुळे एकच वस्तू एका दिशेने चिवट, तर दुसऱ्या दिशेने लवकर झिजणारी निघू शकते. प्रयोगशाळेत फिरत्या पोलादी चकतीवर नमुना दाबून धरतात, ठरावीक अंतर घासतात आणि आधीच्या-नंतरच्या वजनातला मिलिग्रॅमचा फरक मोजतात.

गुळगुळीत पोलादावर तंतू बहुधा झीज रोखतात. खरखरीत कणांपुढे मात्र तेच मोडतात, आणि त्यांचे तुकडे मध्येच अडकून सहाणेवर चंदन उगाळावे तसे उरलेला पृष्ठभाग उगाळत बसतात.

हैदराबाद तर सुमारे 250 कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटवर वसलेले. तिथल्या धुळीत क्वार्ट्झ असणारच. मोहस् मोजपट्टीवर त्याचा कठीणपणा 7, काचेचा साधारण 5.5. बुटात शिरलेला असा एक कण टाचेखाली रोज हजारो पावले दाबला जातो. आधी कॅलिपरच्या त्या जागेची चकाकी जाते, मग पांढुरके तंतू उघडे पडतात आणि मोज्याचा धागा त्यांत अडकू लागतो.