विजेचे कढण

गेल्या आषाढात वळवणला सासूबाई तापातून उठल्या, पण अन्नावर वासनाच नव्हती. मी लेकीने दिलेले विजेचे सूपयंत्र काढले.

“वीज कुठे कढण करते होय?”

“अहो आई, आपल्याच तलावाचे पाणी खोपोलीला उतरून १९१५ पासून वीज देते आहे!”

लाल भोपळा, गाजर, आले, खुणेइतके पाणी. बुडाशी शिजते, झाकणातले पाते घुसळते. वीस-पंचवीस मिनिटांचे काम. कांदा मात्र, भगिनींनो, आधी तुपावर परता. पहिल्या खेपेला मी कच्चाच टाकला होता, तर घरभर उग्र वास!

आणि अर्ध्यावर वीजच गेली. उरलेले पातेल्यात शिजवून रवीने घुसळले.

“जिऱ्याची फोडणी विसरलीस,” म्हणत सासूबाईंनी रिकामी वाटी पुढे केली.