हिंदमाताचं पाणी आणि ‘ट्रॉमा’

मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की मुंबईतल्या हिंदमाताच्या सखल रस्त्यावर पाणी तुंबतं. दुकानदार तळाच्या फळीवरचे साड्यांचे गठ्ठे वर चढवतात, बंद पडलेल्या स्कूटर ढकलल्या जातात आणि दोन तास अडकलेलं कॉलेजचं पोरगं फोनवर म्हणतं, ‘‘काय ट्रॉमा आहे यार!’’ हा खरं तर वैताग.

‘ट्रॉमा’ म्हणजे मूळ ग्रीकमध्ये जखम. डॉक्टर हा शब्द फुटलेल्या डोक्यासाठी, मोडलेल्या हाडासाठीच वापरत. मनापर्यंत त्याला आणलं रेल्वेनं. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली 1853 मध्ये. त्यानंतर तेरा वर्षांनी लंडनचे सर्जन जॉन एरिक एरिकसन यांनी रेल्वे अपघातांतल्या रुग्णांवर पुस्तक लिहिलं. अंगावर ओरखडा नाही. पण झोप उडालेली, हात थरथरणारे, कामात लक्ष नाही. कण्याला हादरा बसलाय, असं एरिकसन यांचं निदान. भरपाईचे दावे अंगावर आलेल्या रेल्वे कंपन्यांच्या बाजूचे डॉक्टर म्हणत, सोंग आहे! (जखम दिसत नाही तर पैसे कसले, हा सवाल काही जुना झालेला नाही.) बर्लिनच्या हेर्मान ओपेनहाइम यांनी 1889 मध्ये ‘ट्रॉमॅटिक न्यूरोसिस’वर ग्रंथ लिहिला, पण दोष तेही मज्जासंस्थेतच शोधत होते. पॅरिसचे डॉक्टर शार्को मात्र मनाकडे बोट दाखवत होते. पुढे महायुद्धं झाली, व्हिएतनाम झालं आणि 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेनं ‘पीटीएसडी’ला, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या तणावाच्या विकाराला, आजारांच्या यादीत जागा दिली.

त्याचे निकष कडक आहेत. मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचाराशी गाठ पडलेली हवी आणि त्रास महिन्याहून जास्त टिकलेला हवा. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी पाऊस कोसळत असताना एल्फिन्स्टन रोड-परळ स्थानकांच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. जखमींना जवळच्या केईएम रुग्णालयात नेलं. अशा रेट्यातून वाचलेल्या माणसाच्या मेंदूत अमिग्डाला हे धोका ओळखणारं केंद्र जास्तच जागं राहू शकतं आणि ‘हे तेव्हाचं, तिथलं’ ही हिप्पोकॅम्पसची नोंद कच्ची राहते, असं संशोधक मानतात. मग जिन्यावर मागून साधा धक्का लागला तरी छाती धडधडते. घरातली म्हातारी माणसं याला ‘धसका घेतला’ म्हणतात, आणि दोन तास पाण्यात अडकल्याला ती तसं म्हणत नाहीत.

बरेच जण काही आठवड्यांत आपसूक सावरतात. महिने उलटले तरी जो पूल टाळून लांबचा वळसा घेतो, त्याला ‘विसरून जा’ सांगून भागत नाही. मानसोपचारात उलट त्याच आठवणीकडे, सुरक्षित जागी बसून, थोडं थोडं परत जायला लावतात. केईएममध्ये त्यासाठी मानसोपचार विभाग आहे.