गाडी मॅडम घेतायत!

शोरूममध्ये शिरल्या शिरल्या सेल्समनने पहिला प्रश्न विचारला, तो माझ्या नवऱ्याला. "सर, बजेट किती?" नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "गाडी ही घेतेय. मी नुसता सोबत आलोय." मग बिचाऱ्याने मला काय दिलं? कलर चार्ट!

तर मंडळी, भानगड अशी. मी अमरावतीत, माहेर अकोल्याला. बाबांच्या बायपासनंतर दर पंधरवड्याला जाणं होतंच. कडेवर तीन वर्षांची लेक, खांद्यावर बॅग आणि बडनेऱ्याला धावत पकडलेली ट्रेन. एकदा रात्री दोनला आईचा फोन आला. नवरा टूरवर, टॅक्सी मिळेना. सकाळपर्यंत नुसती बसून होते. त्याच रात्री ठरवलं, आता स्वतःची गाडी.

पिकअप राहू द्या, डिकी दाखवा
वॅगन-आरची ३४१ लिटर, पेट्रोल पंचची ३६६ लिटर. आकडे छान, पण आमच्या घरचं माप वेगळं: एक बाबागाडी, एक तीनचाकी आणि येताना आई देणार ती तुरीच्या डाळीची चुंगडी. पंचची मागची दारं ९० अंशांत उघडतात. झोपलेलं मूल सीटवर ठेवून पाहा, मग त्याची किंमत कळते. एका गाडीत (नाव नको!) मागे एसीचे व्हेंटच नव्हते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा मागे लेकच बसलेली असते ना!

मांडीवर? नाही!
टेस्ट ड्राइव्हला सासूबाईही आल्या. चाइल्ड सीट बघून म्हणाल्या, "काहून वं, लेकराले बांधून ठेवतं का? दे माह्या मांडीवर." २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड, हे सांगून झालं. ढिम्म! मग लेकीला नवऱ्याकडे सोपवलं, सासूबाईंना बेल्ट लावला आणि रिकाम्या रस्त्यावर तीसच्या स्पीडला कचकन ब्रेक मारला. मांडीवरची पर्स थेट पुढच्या सीटखाली. दोन मिनिटं शांतता. मग म्हणाल्या, "बांध बाप्पा. घट्ट बांध."

अमरावती-अकोला हायवेवर तर तीसचा स्पीड कोण ठेवतं? याच हायवेवर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज रेकॉर्ड झालं होतं.

जाण्याआधी एवढं करा
* मूल आणि चाइल्ड सीट, दोन्ही सोबत न्या. आयसोफिक्सचे हुक स्वतः लावून बघा.
* भर दुपारी जा. एसी किती दमदार आणि बेल्टचं बकल किती तापतं, दोन्ही कळतं.
* इतवाऱ्याच्या गर्दीत चालवा. हाफ क्लचची परीक्षा तिथेच.
* ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपीचे स्टार मिळतात. त्यात मुलांच्या सुरक्षेचे स्टार वेगळे असतात, तेही विचारा.

परवा पहिल्यांदा एकटीने, लेकीला मागे बांधून, अकोला गाठलं. बाबा फाटकात उभेच होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, डोळे पुसले आणि विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?"