टाचणीवरच्या चिठ्ठीपासून क्लाउडपर्यंत : कीड नोंदींसाठी डेटाबेसचा श्रीगणेशा

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी, अर्थात स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, भारतात प्रथम आढळली ती २०१८ च्या मे महिन्यात, कर्नाटकात. शिवमोग्गा व चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यांतील मक्याच्या पोंग्यातून गोळा केलेल्या अळ्यांची ओळख बाह्यलक्षणांसोबतच डीएनएच्या आधारे पटवली गेली. बेंगळुरू येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने त्याच वर्षी जुलैअखेर देशाला सावधगिरीचा इशारा दिला. तरीही त्याच खरिपात कीड सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर पोहोचली होती. या किडीचा पतंग अनुकूल वाऱ्यावर एका रात्रीत सुमारे १०० किलोमीटर अंतर कापू शकतो. गावातील नोंदवहीतला आकडा तालुक्याला पोहोचण्यास आठवडा लागत असेल, तर नोंद नेहमीच किडीच्या मागे राहणार.

हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न नवे नाहीत. २००८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर महाराष्ट्रात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. शेतातील निरीक्षणे संगणकावर भरणे, कृषी विद्यापीठांतील तज्ज्ञांनी ती पाहणे आणि सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवणे ही साखळी त्यातून रूढ झाली. आज कृषी विज्ञान केंद्रे, शेतकरी उत्पादक कंपन्या व तंत्रज्ञानाची आवड असलेले तरुण शेतकरी आपल्या परिसरापुरते छोटे ॲप तयार करू लागले आहेत. त्यांच्यासाठी ॲपमधून क्लाउड डेटाबेस वापरण्याची सुरुवात कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आधी चिठ्ठी, मग संगणक

कीटकसंग्रहालयात टाचणीवर लावलेल्या प्रत्येक कीटकाखाली एक छोटी चिठ्ठी असते. स्थळ, दिनांक, यजमान वनस्पती आणि गोळा करणाऱ्याचे नाव एवढाच मजकूर तिच्यावर असतो. चिठ्ठी नसलेला कीटक कितीही सुबकपणे जतन केला, तरी संशोधनाच्या दृष्टीने त्याचे मोल फारसे उरत नाही. डेटाबेसमधील नोंदीलाही हाच न्याय लागू पडतो. क्लाउडमुळे चिठ्ठीचा प्रवास वेगवान होतो. चिठ्ठीतील उणीव मात्र भरून निघत नाही.

म्हणून संगणकापुढे बसण्यापूर्वी एका नोंदीचा आराखडा कागदावर लिहावा. कामगंध सापळ्याच्या नोंदीत किमान पुढील बाबी असाव्यात : सापळ्याचा क्रमांक, शेताचे अक्षांश-रेखांश, पीक व त्याची अवस्था, निरीक्षणाचा दिनांक, मागील निरीक्षणानंतर गेलेले दिवस, पतंगांची संख्या, सापळ्याची स्थिती, निरीक्षकाचा संकेतांक आणि ओळख कोणी निश्चित केली. शेवटची बाब अनेकदा गाळली जाते. कामगंध सापळ्यात क्वचित अन्य जातींचे पतंगही येतात. त्यामुळे खातरजमा झालेली व न झालेली नोंद वेगळी ओळखता आली पाहिजे.

शून्य आणि रिकामी जागा

नोंदींमधील सर्वांत महाग चूक शून्याबाबत होते. एका प्लॉटमधील पाच सापळ्यांत अनुक्रमे ४, २, ०, ५ व १ पतंग सापडले असे समजू. एकूण १२, सरासरी २.४. निरीक्षकाने ‘काही सापडले नाही’ म्हणून तिसऱ्या सापळ्याची नोंदच केली नाही, तर ॲप १२ ला ४ ने भागून सरासरी ३ दाखवील. आता उलट स्थिती घेऊ. तिसरा सापळा वाऱ्याने पडला होता आणि ॲपने रिकामी जागा शून्य मानली, तर खरी सरासरी ३ असताना पडद्यावर २.४ दिसेल.

हा फरक केवळ गणिती नाही. मक्यावरील लष्करी अळीसाठीच्या शिफारशींत एकरी ५ कामगंध सापळे लावून देखरेख करण्यास, तसेच दर आठवड्याला किंवा सापळ्यामागे ३ पतंग आढळल्यास ट्रायकोग्रामा प्रेटिओसम अथवा टेलेनोमस रेमस हे अंड्यांवरील परोपजीवी कीटक एकरी ५०,००० या प्रमाणात सोडण्यास सांगितले आहे. पतंगसंख्येच्या आधारे निर्णय घेणाऱ्यास पहिल्या चुकीमुळे मित्रकीटकांवर अनाठायी खर्च होईल. दुसऱ्या चुकीमुळे अंडी उबून अळ्या पोंग्यात शिरतील आणि परोपजीवींची वेळ निघून जाईल. म्हणून संख्या हा रकाना सक्तीचा ठेवावा, शून्य स्पष्टपणे लिहून घ्यावे आणि ‘सापळा नादुरुस्त’ हा स्वतंत्र पर्याय द्यावा.

डेटाबेसची निवड व पहिली जोडणी

क्लाउड डेटाबेस म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी सुसज्ज संगणक केंद्रात, इंटरनेटवरून वापरता येणारा माहितीसाठा. यंत्र विकत घेणे व त्याची देखभाल करणे यांचा भार वापरकर्त्यावर नसतो. मोंगोडीबी ॲटलास, गुगलचे फायरस्टोअर, ॲमेझॉनचे डायनॅमोडीबी ही काही प्रचलित नावे. शेतातील कामासाठी पहिली कसोटी ‘नेटवर्क नसताना नोंद घेता येते का’ ही असावी. फायरस्टोअरच्या अँड्रॉइड लायब्ररीत ही सोय मुळातच चालू असते. नोंद फोनमध्ये साठते व नेटवर्क मिळताच वर जाते. पुढील विवेचनासाठी तेच उदाहरण घेतले आहे.

प्रथम कन्सोलमध्ये प्रकल्प तयार करून डेटाबेस उघडावा. या वेळी केंद्राचे ठिकाण विचारले जाते. मुंबईचा पर्याय उपलब्ध आहे व भारतातील वापरासाठी तो सोयीचा ठरतो. ठिकाण पुढे बदलता येत नसल्याने निवड विचारपूर्वक करावी. त्यानंतर ॲपच्या प्रकल्पात संबंधित लायब्ररी जोडावी आणि कन्सोलमधून मिळालेली संरचना-फाइल ठेवावी. ॲप सुरू होताना डेटाबेसची जोडणी एकदाच तयार करून सर्वत्र तीच वापरावी. प्रत्येक नोंदीसाठी नवी जोडणी करू नये.

पहिली चाचणी थेट क्लाउडवर न करता स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या एम्युलेटरवर करणे श्रेयस्कर. एक नोंद लिहावी, तीच परत वाचावी आणि कागदावरील आराखड्याशी ताडून पाहावी. एवढे जमले की पाया पक्का झाला.

नोंदीची ओळखखूण आपोआप तयार होऊ देण्याऐवजी सापळा क्रमांक व दिनांक जोडून बनवावी. नोंद गेली की नाही या शंकेने निरीक्षकाने बटण तीनदा दाबले, तरी तीच नोंद पुन्हा लिहिली जाईल. पतंगांची संख्या तिप्पट होणार नाही. दिनांकाबाबत आणखी एक बारकावा ध्यानी घ्यावा. असे डेटाबेस वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवतात व भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे पहाटे साडेपाचपूर्वीचे निरीक्षण आदल्या दिवशीचे म्हणून मोजले जाऊ शकते. यासाठी निरीक्षणाचा स्थानिक दिनांक वेगळ्या रकान्यात लिहावा. नोंद सर्व्हरवर पोहोचल्याची वेळही स्वतंत्र ठेवावी. या दोहोंतील अंतरावरून माहिती किती उशिरा येते हे कळते.

कुलूप आणि किल्ली

फायरस्टोअरमध्ये ‘चाचणी अवस्था’ निवडल्यास पहिले ३० दिवस डेटाबेस कोणालाही वाचण्यास व लिहिण्यास खुला राहतो. सरावासाठी हे ठीक. प्रत्यक्ष शेतकऱ्यांची माहिती भरण्यापूर्वी मात्र सुरक्षा नियम लिहिलेच पाहिजेत. निरीक्षकाने फक्त स्वतःच्या सापळ्यांची नोंद करावी, खातरजमा तज्ज्ञानेच करावी आणि संख्या ऋण नसावी, असे नियम डेटाबेसच्या पातळीवरच लावता येतात.

सर्व्हरसाठी मिळणारी सेवा-खात्याची किल्ली हे सर्व नियम ओलांडू शकते. ती फोनवरील ॲपमध्ये अथवा इतरांना दिल्या जाणाऱ्या कोडमध्ये कदापि ठेवू नये. शेतकऱ्याचे नाव व मोबाइल क्रमांक सापळ्याच्या नोंदीत न लिहिता वेगळ्या, मर्यादित प्रवेशाच्या संग्रहात ठेवावेत आणि त्यासाठी त्यांची संमती घ्यावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्येही संमतीला महत्त्वाचे स्थान आहे.

प्रश्न विचारण्याची कला

साठवलेली माहिती उपयोगी पडते ती प्रश्न विचारता आल्यावर. ‘या तालुक्यात गेल्या सात दिवसांत सापळ्यामागे सरासरी किती पतंग?’ या प्रश्नात तालुका व दिनांक अशा दोन अटी आहेत. अशा एकत्रित शोधासाठी फायरस्टोअरला संयुक्त सूची लागते. ती नसल्यास येणाऱ्या त्रुटी-संदेशातच ती तयार करण्याचा दुवा दिलेला असतो. तो संदेश पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही.

खर्च मुख्यतः किती नोंदी वाचल्या व लिहिल्या यावर ठरतो. फायरस्टोअरच्या विनामूल्य मर्यादेत दररोज ५०,००० वाचने व २०,००० लेखने बसतात. २०० सापळ्यांच्या जाळ्यासाठी ही मर्यादा पुरेशी आहे. मात्र पडदा उघडताना दर वेळी पूर्ण हंगामाच्या नोंदी वाचण्याची सवय लागली, तर ती लवकर संपते. त्यामुळे गावनिहाय दैनिक सरासरी एकदा काढून स्वतंत्र नोंदीत साठवावी व पडद्यावर तीच दाखवावी.

लहान आरंभ हितावह

पहिल्या हंगामात एक पीक, एक कीड, दोन गावे आणि मोजके सापळे एवढाच आवाका ठेवावा. कागदी नोंदवही बंद करू नये. दर आठवड्याला दहा नोंदी निवडून वही व डेटाबेस ताडून पाहावेत. तफावत आढळल्यास आधी रकाने व सूचना सुधाराव्यात, मग गावे वाढवावीत. शंकास्पद पतंग किंवा अळी फेकून न देता छायाचित्रासह नमुना जतन करून कृषी विज्ञान केंद्राकडे अथवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठवावा. डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ आकाराची खूण आणि शरीराच्या मागील टोकाजवळ चौकोनात चार ठिपके ही लष्करी अळीची ओळख प्रत्येक निरीक्षकास तोंडपाठ असावी. कारण चुकीच्या नावाने भरलेली नोंद क्लाउडवर गेली, की ती बरोबर असलेल्या नोंदीइतक्याच वेगाने सर्वत्र पोहोचते.